‘हा तरी टिको’ : एका आडनावाची कथा

शाळांच्या जुन्या हजेरीपटांत धोंडू, दगडू अशी नावे हमखास आढळत. आधीची अपत्ये दगावली म्हणजे आईबाप नव्या बाळाला मुद्दाम असे ओबडधोबड नाव ठेवीत. काळाची दृष्टी त्याच्याकडे वळू नये, ही त्यामागची भावना! अशाच काळजीतून जन्मलेल्या एका परदेशी आडनावाची हकिकत आज सांगावयाची आहे.

ग्रीसच्या उत्तरेस मॅसिडोनिया हा छोटा देश आहे. २०१९ पासून त्याचे अधिकृत नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’ असे झाले. तेथे ‘त्राइकोव्स्की’ हे आडनाव पुष्कळांचे असते. टिकणे, चालू राहणे या अर्थाच्या तेथील क्रियापदापासून ‘त्राइको’ हे पुरुषाचे नाव सिद्ध झाले. हे मूल तरी टिको, हा त्यातील आशय. पुढचा ‘ओव्’ हा प्रत्यय आपल्या ‘चा’सारखा संबंध दाखवितो, तर ‘स्की’ने विशेषण होते. सारांश, त्राइकोव्स्की म्हणजे त्राइकोच्या कुळातला; स्त्री असल्यास त्राइकोव्स्का. ‘स्तोयानोव्स्की’ हे आडनावही याच जातीचे. त्यातील ‘स्तोयान’ म्हणजे ‘स्थिर राहो’. संस्कृतातील ‘स्था’ धातूशी त्याचे मूळचे नाते आहे.

मात्र या आडनावांना स्थैर्य सहजी लाभले नाही. बाल्कन युद्धांनंतर, १९१३ साली, हा प्रदेश सर्बियाकडे गेला आणि आडनावांना ‘इच’ हे सर्बियन वळण देण्यात आले. १९४१ ते १९४४ या काळात बल्गेरियाचा अंमल आला, तेव्हा ‘ओव्’ हे शेपूट पसंत केले गेले. १९४४ नंतर मॅसिडोनियन भाषेला राजमान्यता मिळाली आणि ‘स्की’ रूढ झाले. एकाच घराण्यात आजोबा त्राइकोविच, मुलगा त्राइकोव् आणि नातू त्राइकोव्स्की असे घडू शके!

हे आडनाव जगाच्या कानी गेले ते बोरिस त्राइकोव्स्की यांच्यामुळे. १९९९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. २००१ साली देशात सशस्त्र संघर्ष पेटला असता ओह्रिद येथील समझोत्याने तो शमला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. पुढे २६ फेब्रुवारी २००४ रोजी मोस्तारनजीक विमान कोसळून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते. ‘टिको’ हा आशीर्वाद आडनावात वागविणाऱ्या पुरुषाला अल्पायुष्य लाभावे, हा दैवदुर्विलासच.

तरीही एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. राज्यकर्त्यांनी बदलले ते आडनावाचे शेवट. आरंभीचा ‘त्राइको’, कोण्या अज्ञात आईबापांनी पाळण्यापाशी उच्चारलेला, तेवढा टिकून राहिला.