वर्गणी सक्तीची, लस खुशीची

स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्र्यांचे नाव निघाले की बहुतेकांना दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आठवते, आणि ते साहजिकही आहे. १९५६ साली राजकुमारी अमृत कौर यांनी त्या संस्थेचे विधेयक लोकसभेत मांडले, तिच्यासाठी परदेशांतून साहाय्य मिळविले आणि पुढे सिमल्याचे आपले राहते घरही तिला देऊन टाकले. परंतु त्यांच्या दहा वर्षांच्या कारभाराची ओळख एवढ्यावर थांबविली, तर त्यांच्या पुढ्यात पडलेले दोन अवघड प्रश्न दृष्टीआड होतात. आजारपणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा पहिला. धडधाकट माणसाच्या दंडात सुई टोचण्याचा अधिकार सरकारला कितपत आहे, हा दुसरा. या दोन प्रश्नांना त्यांच्या काळात जी उत्तरे दिली गेली ती वरवर पाहता परस्परविरोधी आहेत, आणि आजच्या भाषणात मला त्याच विरोधाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे.

राजकुमारी मूळच्या कपूरथळ्याच्या राजघराण्यातील. त्यांचे वडील राजा हरनामसिंग यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. शिक्षण इंग्लंडात झाले. पण पुढे त्या गांधीजींच्या सहवासात आल्या, अनेक वर्षे त्यांच्या चिटणीस म्हणून राहिल्या, आणि वर्धा व सेवाग्राम हेच त्यांचे घर झाले. घटना समितीवर त्या निवडून गेल्या त्यादेखील पंजाबातून नव्हे, तर मध्यप्रांत व वऱ्हाडातून. म्हणजे दिल्लीच्या या मंत्र्यांवर आपलाही थोडासा हक्क पोचतो, असे म्हणावयास हरकत नाही.

१९४७ साली खाते हाती आले तेव्हा देशाच्या आरोग्याचा ताळेबंद टेबलावर मांडलेलाच होता. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला होता. क्षयाने दरवर्षी सुमारे पाच लाख माणसे मरतात, रोग जडलेल्यांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात आहे, आणि त्यांच्यासाठी साऱ्या देशात खाटा आहेत त्या सहा हजारांच्या आसपास, असा तो हिशेब होता. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचारावाचून राहता कामा नये, हे भोर समितीचे मूळ सूत्र. त्यासाठी लागणारा पैसा रुग्णाच्या खिशातून नव्हे, तर सर्वांच्या करांतून यावा, असे समितीचे मत होते. विम्याच्या मार्गावर तिचा भरवसा नव्हता. ज्या देशात बहुसंख्य माणसांना ठरावीक पगारच नाही, तेथे वर्गणी कापून घ्यावयाची ती कशातून? हा युक्तिवाद त्या वेळी बिनतोड होता, आणि मला वाटते, बऱ्याच अंशी तो अजूनही तसाच आहे.

परंतु दुसऱ्या एका खात्यात, त्याच दिल्लीत, विम्याचा विचार त्याआधीच सुरू झालेला होता, आणि त्यात दोन मराठी नावे आहेत. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सभासद होते. १९४३ च्या मार्चमध्ये त्यांच्या खात्याने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. इंग्लंडात बेव्हरिजसाहेबांचा अहवाल नुकताच गाजला होता, त्यामुळे अडारकरांना कौतुकाने कोणी ‘छोटा बेव्हरिज’ म्हणू लागले. अडारकरांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. त्यांची योजना आटोपशीर होती. बारमाही चालणारे कारखाने तेवढे घ्यावेत, वर्गणी मालकानेही द्यावी व कामगारानेही द्यावी, आणि ती ऐच्छिक नसावी. ऐच्छिक ठेवली तर धट्टाकट्टा तरुण बाहेर राहील आणि खोकणारा तेवढा आत येईल, आणि मग वर्गणीचा दर कोणालाच परवडणार नाही. विमा म्हणून ज्याला म्हणतात त्याचे सारे गणित या एवढ्या गोष्टीत आहे.

यातून १९४८ च्या एप्रिलमध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा झाला. कायदा झाला, पण योजना चार वर्षे कागदावरच राहिली. अडले ते खर्चापाशी. आरंभ कानपूर आणि दिल्ली या दोन शहरांत करावयाचा होता. तेव्हा तेथील गिरणीवाल्यांची तक्रार अशी की, आम्हीच तेवढी वर्गणी भरावयाची आणि मुंबई-अहमदाबादचे मालक मोकळे, मग आमचे कापड बाजारात महाग पडणार. तक्रार अगदीच खोटी नव्हती. अखेर १९५१ साली कायद्यात दुरुस्ती करून साऱ्या देशातील मालकांवर हा बोजा वाटण्यात आला. योजना जेथे लागू नाही तेथील मालकाने मजुरीच्या एकूण रकमेवर शेकडा पाऊण टक्का द्यावा, आणि जेथे लागू आहे तेथील मालकाने सव्वा टक्का. ज्याची रोजची मजुरी रुपयाच्याही आत, त्या कामगाराला वर्गणी माफ. एवढे झाल्यावर २४ फेब्रुवारी १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कानपुरास योजनेचे उद्घाटन झाले. दिल्लीतही ती तेव्हाच सुरू झाली. दोन्ही शहरे मिळून सुमारे एक लाख वीस हजार कामगार तिच्यात आले. नागपूर आणि मुंबई यांची पाळी १९५४ साली आली.

ही योजना मजूरखात्याची. राजकुमारींच्या खात्याचा तिच्याशी संबंध दुरूनच. त्यांच्या स्वतःच्या खात्याने जे केले ते १९५४ च्या जुलैत, आणि तेही प्रथम केवळ दिल्लीत. केंद्र सरकारच्या नोकरांना त्यापूर्वी १९४४ च्या नियमांप्रमाणे औषधोपचाराचा खर्च भरून मिळत असे. भरून मिळत असे याचा अर्थ असा की, आधी कारकुनाने पदरचे पैसे घालावयाचे, बिले जोडावयाची, सह्या मिळवावयाच्या, आणि मग वाट पाहावयाची. ज्याच्या पदरी पैसा असेल त्याला ती पद्धत सोयीची. महिनाअखेरीस उसनवारी करणाऱ्याला ती असून नसल्यासारखीच. त्याऐवजी ठिकठिकाणी सरकारी दवाखाने काढावेत, पगाराच्या मानाने चढती वर्गणी पगारातूनच कापून घ्यावी, आणि नोकराबरोबर त्याच्या बायकामुलांनाही तेथे औषध मिळावे, अशी ही नवी अंशदायी आरोग्यसेवा होती. सोळा दवाखाने आणि सव्वादोन लाखांहून अधिक माणसे, असा तिचा आरंभ झाला. वर्गणी नको आणि सेवाही नको, असे म्हणण्याची मुभा दवाखान्याच्या हद्दीत राहणाऱ्या नोकराला नव्हती. सचिवाने अधिक द्यावे, चपराशाने कमी द्यावे, आणि दवाखान्याच्या रांगेत दोघांचा हक्क सारखा असावा, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात रांगेत सचिव किती वेळा दिसले असतील, हा भाग वेगळा. केंद्रीय सरकारी आरोग्य योजना या नावाने ती आजही चालू आहे, आणि वर्गणी अद्याप पगाराच्या पायरीनुसारच घेतली जाते.

येथे एक गोष्ट मला खटकते, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याच दिल्लीत गिरणीतील विणकराने विम्याची वर्गणी भरली, तर त्या आरंभीच्या वर्षांत औषध मिळे ते त्याला एकट्याला. त्याच्या कुटुंबाला उपचार मिळण्याची सोय १९५८ पासून पुढे होऊ लागली. सचिवालयातील कारकुनाची मुले मात्र पहिल्या दिवसापासून दवाखान्यात जाऊ शकत होती. क्षय हा तर घराचा रोग. एका खोलीत सातजण झोपत असतील, तर एकाचा विमा उतरवून काय साधणार? आणि विणकरही नाही नि कारकूनही नाही, अशी जी असंख्य माणसे त्या वेळी दिल्लीत होती, फाळणीनंतर छावण्यांत उतरलेली निर्वासित कुटुंबे, हातगाडीवाले, पाथरवट, त्यांच्यासाठी कोणतीच वर्गणी नव्हती आणि कोणताच दवाखाना राखलेला नव्हता. त्यांच्या वाट्याला काय आले? लस आली.

बी. सी. जी. ही लस कालमेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांची, १९२१ पासून वापरात आलेली. क्षयाचे जंतू वर्षानुवर्षे वाढवून दुबळे करावयाचे आणि ते जिवंतच टोचावयाचे, अशी तिची रीत. सहा हजार खाटांच्या देशाला पंचवीस लाख खाटा बांधणे शक्य नव्हते. लस टोचणे मात्र स्वस्त होते, आणि युनिसेफ व स्कँडिनेव्हियन रेडक्रॉस मदतीला उभे होते. १९४८ साली मदनपल्लीला आरंभ झाला, मद्रासजवळ गिंडी येथे लस तयार करण्याची प्रयोगशाळा निघाली, आणि १९५१ पासून देशव्यापी मोहीम सुरू झाली. पथक गावात येई, प्रथम हातावर क्षयाची चाचणी करी, तीन दिवसांनी पुन्हा पाही, आणि ज्याच्या हातावर गाठ उठली नसेल त्यालाच लस टोची. ही मोहीम राजकुमारींनी जिवापाड चालविली. परंतु तिच्यात सक्ती ठेवली नाही.

हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण देवीच्या लशीची सक्ती करणारे कायदे आपल्या अनेक शहरांत इंग्रजी अमदानीपासून होते. मराठीत लस टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणतात, इतकी ती गोष्ट अंगवळणी पडलेली. पण सक्तीची दुसरी आठवणही महाराष्ट्राला आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या घराघरांतून जी झडती झाली आणि तिचे पर्यवसान रँडसाहेबाच्या खुनात झाले, ती कोण विसरेल? पंजाबाचीही एक आठवण होती. १९०२ साली मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली होती. आणि बी. सी. जी. चे स्वतःचे एक काळे पान होते. १९३० साली जर्मनीतील ल्यूबेक शहरी लशीत क्षयाचे जिवंत विषारी जंतू मिसळले जाऊन सत्तरांहून अधिक अर्भके मृत्यू पावली. चूक प्रयोगशाळेची होती, लशीची नव्हती. पण आईला हा भेद कसा समजावून सांगावयाचा?

१९५५ साली विरोध उभा राहिला तो एका मोठ्या माणसाच्या रूपाने. चक्रवर्ती राजगोपालाचारी नुकतेच मद्रासच्या मुख्यमंत्रिपदावरून उतरले होते. त्यांनी आपण बी. सी. जी. ला विरोध का करतो, हे सांगणारी पुस्तिकाच काढली. निरोगी मुलाच्या शरीरात जिवंत जंतू घालण्याचे धाडस कशाच्या आधारावर करता? परदेशांतील डॉक्टरांचेच एकमत नसताना ही घाई कशासाठी? शाळेत रांग लावून मुलांना टोचता, तेव्हा आईबापांना कोणी विचारले? क्षय हटवावयाचा तर अन्न, हवा आणि घरे द्या. राजाजींचे हे शेवटचे म्हणणे कोणालाही नाकारता येण्यासारखे नव्हते. संमतीचा मुद्दा तर अचूक जागी लागलेला घाव होता. मोहीम कागदावर ऐच्छिक होती. पण शाळेच्या रांगेत उभा असलेला आठ वर्षांचा मुलगा मास्तरांना नाही कसे म्हणणार?

या वादाला घरगुती रंग होता. राजाजी हे गांधीजींचे व्याही. त्यांची कन्या लक्ष्मी आणि देवदास गांधी यांचा विवाह १९३३ साली आपल्या पुण्यातच, पर्णकुटीत झाला होता. राजकुमारी गांधीजींच्या चिटणीस. आणि स्वतः गांधीजी लस टोचण्याच्या विरुद्ध होते, हे त्यांनी आरोग्यावरील आपल्या लेखांत स्पष्ट लिहून ठेवलेले. म्हणजे गुरूचे शब्द राजाजींच्या बाजूचे होते. तरी राजकुमारी हटल्या नाहीत. सर्वच बाबतींत त्या गुरूपासून दूर गेल्या असेही नाही. कुटुंबनियोजनात त्यांनी संयमाचाच आग्रह धरला, आणि दिल्लीच्या लोदी कॉलनीत दिवस मोजण्यासाठी बायकांच्या हाती मण्यांच्या माळा देण्याचा जो प्रयोग झाला तो त्यांच्याच अमदानीतला. त्याचे फळ फारसे आले नाही. पण क्षयाच्या बाबतीत मात्र त्यांनी डॉक्टरांचे ऐकले. गांधीजींनीही १९२४ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली होतीच.

मला या दोन उत्तरांत विसंगती वाटत नाही. पगार सरकार देते, म्हणून पगारातून वर्गणी कापण्याचा अधिकार सरकारला आहे. आणि वर्गणी सर्वांनी भरल्यावाचून विमा उभाच राहत नाही. दंड मात्र सरकारने दिलेला नाही. शिवाय देवीची लस शेजाऱ्यालाही राखते, बी. सी. जी. राखते ते मुख्यतः टोचून घेणाऱ्याला. त्यामुळे तिच्या सक्तीला आधार तोकडाच होता. अडचण आहे ती वेगळी. ज्याच्याकडे कापण्यासारखा पगार होता त्याला सक्तीबरोबर दवाखाना मिळाला. ज्याच्याकडे नव्हता त्याला मोकळीक मिळाली आणि एक सुई मिळाली. भोर समितीने सांगितलेल्या करांच्या पैशाची जागा या सुईने भरून काढण्याचा तो प्रयत्न होता, आणि राजाजींचा रोख, त्यांनी तसे म्हटले असो वा नसो, याच दुखऱ्या जागेवर होता.

शास्त्राचा निकाल लागावयास वेळ लागला. १९५६ साली इंग्लंडातील मोठ्या चाचणीचा पहिला अहवाल आला. शाळा सोडणाऱ्या मुलांत लशीने क्षयाचे प्रमाण सुमारे चार पंचमांशांनी घटले होते, आणि राजकुमारींची बाजू भक्कम झाल्यासारखी दिसली. १९५७ साली त्यांनी खाते सोडले. १९६३ साली सरकारी नोकरांची आरोग्य योजना दिल्लीबाहेर प्रथम मुंबईत आली. १९६४ साली राजकुमारी वारल्या, १९७२ साली राजाजी. मग राजाजींच्याच मुलखात, मद्रासजवळच्या चिंगलपेट भागात, १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांवर जी चाचणी झाली तिचा निकाल १९७९ च्या सुमारास बाहेर आला. मोठ्या माणसांच्या फुफ्फुसांच्या क्षयापासून बी. सी. जी. ने तेथे काहीच संरक्षण दिले नव्हते. तान्ह्या मुलांच्या मेंदूच्या आवरणाला होणाऱ्या क्षयाविरुद्ध मात्र ती उपयोगी पडते, असे इतरत्र ठरले, आणि म्हणून आजही आपल्याकडे मूल जन्मताच, बाळंतिणीला दवाखान्यातून घरी सोडण्यापूर्वी, त्याच्या डाव्या दंडावर ती टोचतात.