मुलांचे छायाचित्र आणि संमतीचा कायदा : दौंड-शिरूर परिसर

दौंड तालुक्यातील केडगावच्या मुलींची छायाचित्रे इंग्लंड-अमेरिकेपर्यंत पोहोचली ती दुष्काळामुळे. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांची सोय केडगावच्या शेतावर झाली आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. शिरूर, म्हणजे घोडनदी, येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांची छायाचित्रे मिशनरी पुस्तकांत व मासिकांत छापून देणग्या मिळवल्या जात. त्या पैशांनी अनेक जीव वाचले. पण संमती विचारावी असे आईबाप बहुतेक मुलांना उरलेच नव्हते आणि मुलांना विचारण्याची रीत नव्हती.

कायद्यालाही तो प्रश्न पडला नव्हता. 1911 च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याने छायाचित्राचा हक्क सामान्यतः मूळ काचेच्या, म्हणजे निगेटिव्हच्या, मालकाला दिला. 1957 च्या भारतीय कायद्याने तो छायाचित्रकाराला आणि मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असल्यास सामान्यतः त्या ग्राहकाला दिला. ज्याचा चेहरा, त्याचा उल्लेख कोठेच नव्हता.

मुलाचा विचार प्रथम बालन्यायाच्या कायद्यांत झाला. 1986 च्या बाल न्याय अधिनियमाने प्रकरण चालू असलेल्या मुलाचे छायाचित्र छापण्यास मनाई केली. दंड होता 1,000 रुपयांपर्यंत. 2015 च्या अधिनियमातील कलम 74 नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख चौकशीच्या वा न्यायालयीन वृत्तांतून उघड केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. केडगावसारख्या आश्रयस्थानातील मुले आज याच व्याख्येत बसतात. 2012 च्या पॉक्सो कायद्याने अत्याचारग्रस्त मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा व परिसर प्रसिद्ध करण्यास बंदी घातली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई नुसार संमतीविना खासगी अवयवांचे चित्रण करणे गुन्हा आहे.

रांजणगावच्या गणपतीची यात्रा, घोडनदीचा बाजार, दौंड जंक्शनचा फलाट अशा ठिकाणी खेळणाऱ्या मुलाचे साधे छायाचित्र काढण्यासाठी पालकांची संमती घ्यावीच, असे सांगणारा सर्वसाधारण कायदा मात्र भारतात नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून तो हक्क संपत नाही, असेही त्या निकालात मान्य झाले. त्यानंतरच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात 18 वर्षांखालील व्यक्तीची माहिती डिजिटल स्वरूपात वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरवली असून वैयक्तिक व घरगुती वापर तिच्या बाहेर आहे.

काचेच्या मालकापासून सुरू झालेला हक्क असा मुलापर्यंत आला. अजूनही कायद्याचा भर छायाचित्र काढण्यापेक्षा त्याच्या वापरावर आहे. म्हणून ऊसतोडीच्या कोपीपुढे बसलेल्या मुलाचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याच्या आईबापाला विचारणे हे आज तरी बहुतांशी छायाचित्रकाराच्या विवेकावर सोपवलेले कर्तव्य आहे.