मानमोडीची साथ आणि बिडीचा धूर



गटाच्या बैठकीत साथीचा विषय निघाला की एखादी आजी हमखास मानमोडीची गोष्ट काढते. तिनं ती सासूकडून ऐकलेली असते. एकाला पोहोचवून माणसं घरी येईपर्यंत दुसरा गेलेला असायचा. ही मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएंझा. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. जूनमध्ये हा ताप मुंबई बंदरात दिसला आणि सप्टेंबरात दुसरी लाट आली, ती भयंकर होती. एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्यात पावसानंही दगा दिलेला. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप, अशी गत.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९११ च्या शिरगणतीत संस्थानात १ कोटी ३४ लाखांच्या आसपास माणसं होती. १९२१ ला ती १ कोटी २५ लाखांवर आली.

आम्हाला यातली एक गोष्ट फार टोचते. भारतात त्या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या, त्यातही ऐन विशी-चाळिशीतल्या. अभ्यासक कारणं सांगतात ती आपल्याला नवी नाहीत: आजाऱ्याची सेवा तिच्याकडे, आणि ताटात शेवटी उरेल ते तिच्या वाट्याला. चुलीचा धूरही त्यात धरावा, असं आमचं मत.

कारण धुराला तेव्हा कुणी वैरी मानतच नव्हतं. उलट तो औषध होता! १६६५ साली लंडनमध्ये प्लेग आला, तेव्हा सॅम्युअल पेपिस नावाच्या अधिकाऱ्यानं दारांवर लाल फुल्या बघितल्या आणि घाबरून हुंगायला-चघळायला तंबाखू विकत घेतली. तसं त्यानं रोजनिशीत लिहून ठेवलंय. आपल्याकडंही म्हणतातच की, बिडी ओढली की कफ सुटतो.

तो का सुटतो ते बघा. आपल्या श्वासनळीला आतून बारीक लव असते. ती सारखी हलत राहते आणि धूळ, जंतू, चिकट कफ वर ढकलते. अंगण झाडणाऱ्या केरसुणीसारखीच. धुरानं ही लव लुळी पडते, मग झडायला लागते. रात्रभर धूर नसतो, तेव्हा ती जराशी शुद्धीवर येते आणि सकाळी कामाला लागते. बिडी ओढणाऱ्याला उठल्या उठल्या खोकला येतो तो त्यामुळे. बिडीनं कफ काढला असं त्याला वाटतं, पण साठवलेलाही तिनंच असतो. अशा छातीत तापाचा विषाणू शिरला, तर त्याला बाहेर लोटणारं कुणी उरत नाही. विषाणू तोच, पण एकाला तीन दिवसांत सोडतो आणि दुसऱ्याला न्यूमोनियात नेतो.

हे नुसतं म्हणणं नाही, मोजलेलं आहे. इस्राएलच्या सैन्यातल्या एका तुकडीत ३३६ धडधाकट तरुण होते, त्यातले निम्मे धूम्रपान करणारे. तिथं इन्फ्लुएंझा पसरला. विषाणू १९१८ च्याच घराण्यातला, म्हणजे २००९ ला पुण्यात ज्या स्वाइन फ्लूनं घबराट केली त्याच घराण्यातला. ओढणाऱ्यांपैकी शंभरात ६९ जण आजारी पडले, न ओढणाऱ्यांत ४७. काम बुडालं किंवा अंथरूण धरावं लागलं असे ओढणाऱ्यांत शंभरात ५१, न ओढणाऱ्यांत ३०. हा अभ्यास १९८२ ला छापून आला. वय सारखं, खाणं सारखं, कवायत सारखी. फरक धुराचा.

तरीही २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा मोबाइलवर फिरत होतं की सिगारेट ओढणाऱ्याला कोरोना होत नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं लंडनच म्हणायचं! त्याच वर्षी एप्रिलअखेर जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञांना बसवून अभ्यास तपासले. धूम्रपान करणाऱ्याला कोरोना झाला तर तो जास्त गंभीर होतो, असं त्यातून निघालं.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. आशाताई बोटाला ऑक्सिमीटर लावत दारोदार फिरत होत्या, आम्हीही गटातर्फे सोबत जायचो. एका घरी दादा खोकत होते. आशाताईनं सहज विचारलं, “बिडी ओढतात का?” आमच्याच गटातली ताई पटकन म्हणाली, “नाही हो, कधीच नाही.” कोनाड्यात बंडल दिसत होतं. आम्हीही गप्प बसलो. चारचौघांत तिची लाज जाऊ नये एवढंच तेव्हा सुचलं. चार दिवसांनी दादांना जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं, ऑक्सिजनवर. परत आले, पण आता चढ चढताना दोनदा बसतात. ती ताई स्वतः काही ओढत नाही, पण वीस वर्षं त्याच खोलीत झोपते आणि त्याच धुरात पोरं वाढली.

बिडी सोडली की छातीतली लव पुन्हा धरते, काही महिन्यांत खोकला आणि दम कमी होतो. सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा फुकट फोन आहे: १८०० ११ २३५६. हा नंबर आम्ही गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

दादांची बिडी अजून सुटलेली नाही. घरातून बाहेर गेलीय, अंगणातल्या लिंबाखाली. आणि ताई म्हणते, पुढच्या वेळी आशाताईला खरं सांगीन.