‘वेडा’ म्हटलं की प्रश्न संपतो?

आजचा विषय जड आहे. लहान मुलं शेजारी असतील तर हेडफोन लावून ऐका.

मागे बलात्काराची एक बातमी गाजत होती, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, ‘असले वेडे लोक मोकळे सोडतातच कसे?’ खाली भराभर अंगठे. माझे मामा आमच्याकडे राहतात. त्यांना वीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. गोळ्या नियमित चालू आहेत, सकाळचं दूध तेच आणतात. दोन दिवसांनी शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "अहो, मुलं खेळतात तिथेच ते बसतात ना..." वाक्य अर्धंच सोडलं. मामा आता खाली बसत नाहीत.

लैंगिक गुन्हा करणारा म्हणजे मनोरुग्ण, हे समीकरण आलं कुठून? शोधत शोधत मी पोचलो अमेरिकेत.

तिथे इलिनॉयने १९३८ मध्ये, तर कॅलिफोर्निया आणि मिनेसोटाने १९३९ मध्ये ‘सेक्शुअल सायकोपॅथ’ कायदे केले. अशा माणसाला ठरावीक मुदतीची कैद न देता तो बरा होईपर्यंत मनोरुग्णालयात ठेवायचं. १९४० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटाचा कायदा वैध ठरवला. १९४७ मध्ये एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी ‘तुमची मुलगी किती सुरक्षित आहे?’ अशा मथळ्याचा लेख लिहिला. भीती घरोघर पोचली.

आता आयोवा राज्यातलं सू सिटी. १९५४ मध्ये तिथे एका आठ वर्षांच्या मुलाचा खून झाला. लोक खवळले, आणि १९५५ मध्ये आयोवानेही असाच कायदा केला. त्याच उन्हाळ्यात एका तान्ह्या मुलीचा खून झाला. पोलिसांवर दबाव वाढला. मग त्यांनी काय केलं? शहरातले समलिंगी पुरुष शोधून पकडले. त्यातल्या वीस जणांना राज्याच्या दुसऱ्या टोकाला, माउंट प्लेझंटच्या मनोरुग्णालयात पाठवलं. कुणी केशकर्तनकार, कुणी नृत्यशिक्षक. त्यांचा त्या खुनांशी संबंध आहे, असा आरोपसुद्धा नव्हता!

पहिल्या खुनासाठी एका फिरत्या विक्रेत्याला जन्मठेप झाली. त्याचा कबुलीजबाब मनोरुग्णालयात, औषधांच्या अमलाखाली असताना मिळवलेला होता. हे पुढे उघड झालं आणि १९७२ मध्ये तो सुटला. सतरा वर्षं गेली.

यातली खरी मेख कायद्याच्या व्याख्येत आहे. आयोवाच्या कायद्यात ‘मानसिक विकार असलेला, पण वेडा म्हणून दाखल करण्याजोगा नसलेला’ माणूस अपेक्षित होता. म्हणजे स्किझोफ्रेनियासारखा तीव्र आजार असलेले लोक त्या व्याख्येबाहेरच होते. शिवाय गुन्हा सिद्ध होण्याचीही गरज नव्हती, आरोप पुरेसा होता. डॉक्टरांकडे ज्याचं नेमकं निदान नव्हतं, असा आजार विधिमंडळाने तयार केला. बदनामी मात्र खऱ्या रुग्णांच्या वाट्याला आली.

हे त्या काळातही कुणी बोललं नाही असं नाही. समाजशास्त्रज्ञ एडविन सदरलँड यांनी १९५० मध्येच या कायद्यांची चिरफाड केली. न्यू यॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या स्त्रियांच्या ३२४ खुनांपैकी बलात्कार किंवा त्याचा संशय फक्त १७ प्रकरणांत होता, असं त्यांनी दाखवलं. निम्म्याहून जास्त खून नवरा, वडील किंवा जवळचे नातेवाईक, प्रियकर यांनी केलेले होते.

मग तीव्र मानसिक आजार आणि लैंगिक गुन्हे यांचा संबंधच नाही का? आहे, आणि तो लपवून मी मामांची बाजू घेणार नाही. स्वीडनमध्ये १९८८ ते २००० या काळात शिक्षा झालेल्या ८,४९५ पुरुषांची तुलना सर्वसामान्य पुरुषांशी केली गेली. तो अभ्यास २००७ मध्ये आला. मानसिक आजारासाठी पूर्वी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण गुन्हेगारांमध्ये सुमारे सहापट होतं. हे वाचून मी लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी परत उघडला. गुन्हेगारांमध्ये रुग्ण किती आणि रुग्णांमध्ये गुन्हेगार किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मूळ प्रमाणच अगदी कमी असेल, तर ते सहापट होऊनही बहुतेक सगळे रुग्ण निरुपद्रवीच राहतात. आणि त्या गुन्हेगारांपैकीही बहुसंख्य कधीच मनोरुग्णालयात दाखल झालेले नव्हते. जे थोडे रुग्ण धोक्याच्या जवळ असतात, त्यांच्यासाठी उपाय आहे तो वेळेवर उपचार आणि व्यसनातून सुटका. नुसत्या संशयाने माणूस उपचारांपासून आणखी लांब जातो.

आपल्याकडे एनसीआरबीच्या गेल्या काही वर्षांच्या अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. ‘वेडा’ म्हटलं की या सगळ्यांकडे बघायची गरजच उरत नाही. म्हणूनच तो शब्द इतका सोयीचा असावा.

ग्रुपवर मी उत्तर लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी काकूंच्या घरी जाऊन बसलो, चहा घेतला आणि त्यांच्या अर्ध्या वाक्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "भीती वाटते रे." मी म्हटलं, "मुलांची काळजी आम्हालाही आहे काकू, पण ती मामांना घरात बसवून मिटणार नाही." पटलं की नाही, माहीत नाही. रविवारी मी मामांना घेऊन खाली जाणार आहे.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.