पाच बहिणींच्या गोधड्या

अमेरिकेच्या पूर्व भागात अपॅलेशियन पर्वतांची लांबच लांब ओळ ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेली आहे. तिच्या दक्षिणेकडील डोंगरांवर निळसर धुके रेंगाळत असते, म्हणून त्यांस ग्रेट स्मोकी, म्हणजे धुरकट डोंगर, असे नाव पडले. या डोंगरांच्या टेनेसी राज्यातील उतारावर लिट्ल ग्रीनब्रायर नावाचे एक खोरे आहे. तेथे ओंडक्यांचे एक जुने घर आजही उभे आहे. घर रिकामे आहे, चूल थंड आहे. १९६४ सालापर्यंत मात्र तेथे वॉकर घराण्यातील बहिणी राहत होत्या. त्यांच्या हातच्या गोधड्या त्या मुलखाच्या इतिहासाच्या साक्षीदार होऊन बसल्या आहेत.

जॉन वॉकर हा या कुटुंबाचा कर्ता पुरुष. १८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात टेनेसी राज्य फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बाजूस होते. परंतु राज्याच्या पूर्वेकडील डोंगरी मुलखातील बहुसंख्य लोक संघराज्याशी एकनिष्ठ राहिले. जॉनही संघराज्याच्या सैन्यात गेला, शत्रूच्या कैदेत पडला आणि सुटून घरी आला. १८६६ साली मार्गारेट जेन किंग हिच्याशी त्याचा विवाह झाला व पुढे हे दांपत्य तिच्या माहेरच्या घरात राहावयास आले. त्यांना चार मुलगे व सात मुली झाल्या आणि ही अकराही मुले वाढून मोठी झाली. घरोघरी पाळणे रिकामे होत असलेल्या त्या काळात ही सामान्य गोष्ट नव्हती. आईला झाडपाल्याच्या औषधांची चांगली जाण होती.

मुलगे यथाकाल वेगळे झाले. मुलींपैकी कॅरोलाइन हिने तेवढे १९०८ साली लग्न केले. मार्गारेट, पॉली, मार्था, नॅन्सी, लुईझा आणि हेट्टी या सहा जणी अविवाहित राहिल्या. १९२१ साली जॉन वारला. तेव्हापासून शेतातील नांगरटीपासून घरातील सूतकताईपर्यंत सारा संसार या बहिणींनी आपल्या अंगावर घेतला. १९३१ साली नॅन्सी निवर्तली आणि पाच जणी उरल्या.

त्यांच्या दिनक्रमात विसाव्याला जागा थोडीच होती. शेतात मका व भाज्या, उतारावर सफरचंदाची झाडे, गोठ्यात जनावरे, अंगणात कोंबड्या. झऱ्यावर एक लहानसे खोपट बांधलेले होते; त्यातील थंड पाण्यात दूध आणि लोणी टिकत असे. मीठ, साखर, कॉफी आणि खाण्याचा सोडा एवढ्या चार वस्तू वगळल्या तर लागेल ते सर्व आपली जमीन आपणांस देते, असे त्या सांगत. पण जमिनीने दिलेल्या वस्तूला वापरात आणण्यास किती हात लागतात, हे कापडाकडे पाहिले म्हणजे समजते. मेंढ्यांची लोकर कातरावयाची, धुवावयाची, पिंजावयाची, कातावयाची, रंगवावयाची, आणि मग ती मागावर चढवावयाची. कापूस परसात पिके. त्याची सरकी काढण्यासाठी घरी लाकडी रेचा होता. अक्रोडाच्या हिरव्या सालींपासून पक्का तपकिरी रंग निघे. एवढ्या कष्टाने हाती आलेल्या कापडाचा तुकडा टाकून देण्याची कल्पनाही कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. विरलेला सदरा, फाटलेला झगा, शिवणातून उरलेली चिंधी, हे सर्व गाठोड्यात जाई आणि तेथून गोधडीत उतरे.

ही गोधडी तीन थरांची असते. वरचा थर लहान लहान तुकडे जोडून केलेला, खालचा थर साध्या अस्तराचा आणि मधल्या थरात पिंजलेला कापूस किंवा लोकर. महाराष्ट्रातील गोधडी बहुधा जुन्या लुगड्याधोतरांचे पदर एकावर एक घालून शिवलेली असते, त्यामुळे तिचे थर सहसा जागचे हलत नाहीत. परंतु पिंजलेला कापूस मोकळा असतो. टाके दाट नसतील तर दोन-चार धुण्यांत त्याच्या गोळ्या होतात आणि पांघरणाऱ्याच्या अंगावर नुसते कापड राहते. पाहणाऱ्यास जे टाके केवळ शोभेसाठी घातलेले वाटतात, त्यांचा उगम असा या गरजेत आहे.

डोंगरातील पुष्कळ घरांत या कामासाठी चार लाकडी पट्ट्यांची चौकट दोरांनी छताला टांगलेली असे. काम करावयाचे तेव्हा ती खाली सोडावयाची. रात्री ती वर ओढून घेतली की तिच्याखाली माणसे जेवावयास व निजावयास मोकळी. शेतीची घाई संपली म्हणजे शेजारच्या बायका एकत्र जमून चौकटीच्या चारी बाजूंनी बसत. एकीच्या घरची गोधडी आज पुरी झाली तर दुसरीच्या घरची उद्या. त्या बैठकीत कोणाचे बाळंतपण, कोणाचे आजारपण, कोणाच्या मुलीचे लग्न, या सर्वांचा विचार होई. नक्षीलाही नावे घरगुतीच असत: अस्वलाचा पंजा, दारुड्याची वाट, ओंडक्यांचे घर. या शेवटच्या नक्षीत मधोमध बहुधा एक तांबडा चौकोन असतो; ती घरातील चूल होय, असे सांगण्याची रीत आहे.

अशा घरांविषयी शहरातील लोकांचा एक समज झाला होता. ही डोंगरी माणसे जगापासून तुटलेली आहेत आणि त्यांच्या गोधड्या ही कोण्या आदिम काळाची शिल्लक आहे, असे त्यांस वाटे. वस्तुस्थिती निराळी होती. पूर्वीच्या डोंगरी घरांत मागावर विणलेल्या जाड लोकरी-सुती चादरींचा प्रघात अधिक होता. नाना रंगांच्या तुकड्यांची गोधडी घरोघरी आली ती एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचे छापील सुती कापड स्वस्त झाल्यानंतर. पुढे विसाव्या शतकात पिठाच्या व कोंबड्यांच्या खाद्याच्या पिशव्या रंगीत छापाच्या कापडाच्या निघू लागल्या, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांच्या बायकांनी त्या उसवून त्यांचेही तुकडे गोधडीत घातले. वॉकर बहिणींच्या घराच्या भिंतींवर वारा अडविण्यासाठी वर्तमानपत्रे व मासिके डकवलेली होती. बाहेरचे जग त्या घरात येतच होते. फक्त त्यातील काय वापरावयाचे आणि कसे, हे त्या स्वतः ठरवीत.

हा ठरविण्याचा अधिकारच पुढे त्यांच्या हातून निसटला. ग्रेट स्मोकी डोंगरात राष्ट्रीय उद्यान करावयाचे, असा विचार १९२० नंतर मूळ धरू लागला. लाकूडकंपन्यांनी तेथील अरण्यांची जी तोड चालविली होती ती पाहता हा विचार चुकीचा होता, असे म्हणता येणार नाही. टेनेसी व नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांनी पैसा उभा केला. १९२८ साली रॉकफेलर कुटुंबाच्या निधीतून पन्नास लक्ष डॉलर मिळाले. १९३४ साली उद्यान अस्तित्वात आले आणि २ सप्टेंबर १९४० रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचा समर्पण-समारंभ झाला. मात्र त्यासाठी हजाराहून अधिक जमीनमालकांना आपली शेते सोडावी लागली होती. वॉकर बहिणींनी सोडली नाहीत. अखेर १९४१ साली सुमारे १२२ एकर जमीन ४,७५० डॉलरांस सरकारला देण्याचे त्यांनी मान्य केले; अट एवढीच की जिवंत असेपर्यंत त्यांना त्या घरातून कोणी काढू नये.

अट पाळली गेली. परंतु उद्यानाचे कायदे आता त्यांच्या अंगणापर्यंत आले होते. शिकार नाही, मासेमारी नाही, लाकूडतोड नाही, गुरांची चराई नाही. चराई नाही तर मेंढ्या नाहीत, आणि मेंढ्या नाहीत तर लोकर कोठून यावयाची? घर होते तेथेच राहिले. त्याचा जमिनीशी असलेला व्यवहार मात्र तुटला. १९४६ साली ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात या बहिणींवर लेख आला आणि प्रवाशांची रीघ लागली. बहिणींनी त्यांचे स्वागत केले. त्या हातची विणकामे विकू लागल्या, पाहुण्यांसाठी गोड पदार्थ तळू लागल्या. लुईझा आपल्या कविता लिहून देई. पूर्वी घरातील माणसांना ऊब देण्यासाठी सुई चालत होती. आता ती परक्या माणसाच्या आठवणीसाठी चालू लागली.

हेट्टी, पॉली व मार्था एकामागून एक गेल्या. १९५३ साली मार्गारेट आणि लुईझा या दोघीच उरल्या होत्या. त्यांनी उद्यानाच्या अधीक्षकांना पत्र पाठविले की आता आमची वये झाली, घरची कामे करून पाहुण्यांची सरबराई आमच्याने होत नाही, तरी येथे येणाऱ्यांचे स्वागत असल्याची रस्त्यावरची पाटी काढून घ्यावी. ज्या बायकांनी आपल्या घरात राहण्याचा हक्क कोणापुढे सोडला नाही, त्यांना आपल्याच घरात निवांत बसता यावे म्हणून अर्ज करावा लागला. मार्गारेट नव्वदी ओलांडून १९६२ साली वारली. लुईझा १९६४ साली.

आज ते घर, झऱ्यावरचे खोपट आणि मक्याचे कोठार उद्यानाने जतन केले आहे. बहिणींच्या घरातील पुष्कळशा वस्तूही संग्रहात सुरक्षित आहेत. हे जतन स्तुत्य आहे यात शंका नाही. डोंगरही आता पुन्हा दाट झाडीने झाकले आहेत. तथापि संग्रहातील गोधडी ही घडी घालून ठेवलेली गोधडी होय. जिने तिचे तुकडे जमविले तिला प्रत्येक तुकडा कोणाच्या सदऱ्याचा व कोणाच्या झग्याचा, हे ठाऊक होते, आणि थंडीच्या रात्री ती कोणाच्या अंगावर घालावयाची हेही ठाऊक होते. ही ओळख जपून ठेवण्यास संग्रहालयाचे कपाट पुरे पडत नाही.