उच्चारित शब्द आणि यंत्राची संहिता

ध्वनिमुद्रित भाषणाचे यंत्राने केलेले लेखन ही निव्वळ नोंद असते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. या तंत्राचा इतिहास मात्र त्या गृहीतकाला दुजोरा देत नाही.

१९५२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेले ‘ऑड्री’ हे यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखत असे. ते ध्वनीच्या आकृत्या ताडून पाही; भाषेचे ज्ञान त्याला नव्हते. सत्तरच्या दशकात जेम्स बेकर आणि आयबीएममधील फ्रेडरिक जेलिनेक यांचा गट संभाव्यतेच्या मार्गाने गेला. या मार्गाचे एक मूळ साहित्यकृतीच्या अभ्यासात आहे, ही बाब समीक्षेच्या दृष्टीने लक्षणीय ठरते. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’मधील २०,००० अक्षरे मोजून स्वर-व्यंजनांच्या क्रमातील परस्परावलंबन दाखवले होते. त्या साखळीच्या विकसित रूपांमुळे, कानी आलेल्या ध्वनीबरोबरच कोणता शब्द येणे अधिक संभवनीय याचाही हिशेब यंत्र करू लागले. म्हणजे त्याचे ऐकणे हे वाचनही झाले.

२००९ मध्ये यूट्यूबवर स्वयंचलित उपशीर्षके आली. कर्णबधिरांच्या दृष्टीने त्यांचे मोल निर्विवाद आहे. २०२२ मधील ‘व्हिस्पर’ ही प्रणाली ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर घडवली गेली. त्यांपैकी इंग्रजीखेरीज ९६ भाषांतील लेखनाच्या वाट्याला १,१७,००० तास आले. या भाषांत मराठीही आहे.

संभाव्यतेचा कल रूढ रूपाकडे असतो. प्रमाण लेखनावर पोसलेले यंत्र ‘पानी’ या उच्चाराचे ‘पाणी’ करण्याकडे झुकते. अर्थ टिकतो, परंतु बोलणाऱ्याचा प्रदेश, जात, वर्ग यांची खूण पुसली जाते. मौनाचीही हीच गत होते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘व्हिस्पर’च्या सुमारे १ टक्का लेखनांत कोणीही न उच्चारलेली वाक्ये आढळली. वाचाघात झालेल्यांच्या, दीर्घ विराम असलेल्या बोलण्यात त्यांचे प्रमाण अधिक होते. जिथे माणूस शब्दासाठी अडला, तिथे यंत्राने आपले शब्द घातले.

म्हणून मौखिक साहित्याच्या अभ्यासकाने अशा लेखनाला मूळ न मानता एक पाठ मानले पाहिजे. हस्तलिखिताच्या नकलकाराविषयी पाठचिकित्सा जो संशय बाळगते, तोच येथेही आवश्यक आहे. आणि मूळ ध्वनिमुद्रण जपणे ही त्या चिकित्सेची पहिली अट आहे. ते नष्ट झाले, तर नकलकाराची चूक दाखवणारा साक्षीदारच उरत नाही.