आग्या मोहोळातील पोटभाडेकरू

ठाणे, कल्याण, डोंबिवली या बाजूस कितीतरी चाळी गेल्या आणि बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. माणसांची बिऱ्हाडे बदलली, तशी आग्या माशीचीही. डोंगराचा कडा आणि जुना वड यांच्या जोडीला तिला आता पाण्याची टाकी आणि गच्चीचा सज्जाही चालतो. मोहोळ दिसले की सोसायटीची तातडीची सभा भरते; परंतु त्या मोहोळात माशीचाही एक पोटभाडेकरू राहतो, याची वार्ता सभेला नसते.

हा पोटभाडेकरू म्हणजे तांबूस रंगाची, एक मिलिमीटरही लांब नसलेली माईट. कोळी आणि गोचीड यांच्या गणगोतातली. माशीच्या अळ्यांवर तिची गुजराण. 1961 मध्ये मर्सिडीज डेल्फिनाडो आणि एडवर्ड बेकर यांनी फिलिपिन्समधील मेलेल्या माश्यांवर आणि पोळ्यांजवळच्या उंदरांवर मिळालेल्या नमुन्यांवरून तिच्या एका जातीचे 'ट्रॉपिलेलॅप्स क्लेरी' असे बारसे केले. आपल्याकडील माईट दिसायला तशीच. तेव्हा तिलाही तेच नाव चिकटले, आणि ग्रंथांतून चाळीसेक वर्षे चालले.

रूपावरून नाते ठरवणे किती धोक्याचे, हे पोथ्या जुळवणाऱ्यांना विचारावे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा पंडितांनी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली. एका लेखकूच्या हातून चूक झाली की त्याच्या पोथीवरून उतरलेल्या पोथ्यांतही ती येते; अशा सामायिक पाठभेदांवरून पोथ्यांची कुळे लागतात. जनुकांचेही असेच आहे. तेथे अक्षरे चारच. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना मधूनच एखादे बदलते आणि पुढच्या वंशात उतरते. ज्यांचे बदल सामायिक, ती जवळची भावंडे.

ऑस्ट्रेलियातील डेनिस अँडरसन आणि जॉन ट्रूमन यांनी 2000 साली आईकडूनच उतरणाऱ्या एका जनुकाची अक्षरे वाचून दाखवले, की युरोपीय मधमाशीचा संहार करणारी 'व्हॅरोआ' ही 1904 मध्ये जावा बेटावरून वर्णिलेली जात नव्हेच. संहारक निराळीच होती. इतकी वर्षे आरोप भलत्याच नावावर! 2007 मध्ये अँडरसन आणि मॉर्गन यांनी आग्या माशीच्या माईटची तीच झडती घेतली. 'क्लेरी' फिलिपिन्स आणि सुलावेसीपुरती राहिली. भारतासह आशियाच्या मुख्य भूमीवरील आग्या माशीची माईट वेगळी निघाली. तिचे नाव 'मर्सिडेसी', पहिले बारसे करणाऱ्या मर्सिडीजबाईंवरून. कादंबरीत हे घातले असते तर संपादकांनी योगायोग म्हणून खोडले असते.

आग्या माशी आणि ही माईट यांचा संसार जुना. माशी मोहोळ सोडून स्थलांतर करते, तेव्हा अळ्यांवाचून माईटची उपासमार होते. परंतु 1960 च्या दशकात पंजाबात युरोपीय माशी पेट्यांत स्थिरावली. ती एकाच पेटीत राहते आणि तिच्या घरी पाळणा बहुधा हलताच असतो. माईटला आयते अन्नछत्र मिळाले. पेटीत तिचा फैलाव झाला की पाळणाऱ्याला एक उपाय करता येतो. राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवायची. मोठ्या माशीच्या अंगावर माईटला फार दिवस काढता येत नाहीत.